पत्रा आतून सडतो तेव्हा

‘गंजावर इतक्या वर्षांची वॉरंटी’ असं शोरूममधला पोरगा सांगतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बोनेटवरचा लालसर डाग येतो. कंपनीच्या मनात वेगळंच असतं. पुस्तिका नीट वाचली की कळतं, वॉरंटी गंजाला नाही, भोकाला आहे. पत्रा आतल्या बाजूने गंजत बाहेरपर्यंत आला, आरपार छिद्र पडलं, तर आणि तरच कंपनी तो भाग बदलून देणार. रंगाखालचे फोड, कडेचे पोपडे, वरवरचा तांबूस थर हे सगळं रंगाच्या वॉरंटीत मोडतं आणि तिची मुदत बरीच कमी असते. काही पुस्तिकांत तर गंजाचा उल्लेख येतो तोच ‘यांचा समावेश नाही’ या यादीत, वायपरच्या रबराच्या आणि ब्रेक-पॅडच्या शेजारी. म्हणून भांडायला निघण्याआधी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत नेमकं काय छापलंय ते बघायचं. शेजाऱ्याच्या गाडीला मिळालं म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही. त्याची कंपनी वेगळी, साल वेगळं, कलम वेगळं.

आता आपल्याकडचं हवामान बघू. नाचणगाव हे वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातलं, पुलगावला खेटून असलेलं गाव. इथे समुद्र नाही, बर्फ नाही, रस्त्यावर मीठ टाकायची पद्धत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी. धातू किती वेगाने गंजेल यावरून हवामानाचे वर्ग पाडणारं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ 9223. त्यात समुद्रकिनारा आणि कारखान्यांचा पट्टा वरच्या वर्गांत बसतो, तर कोरडा आतला मुलूख खालच्या. तेव्हा मुंबईत किंवा रत्नागिरीत कंपनी जे उत्तर देते, ‘खाऱ्या हवेने झालं’, ते इथे चालत नाही. कोरड्या मुलखात चार-पाच वर्षांच्या गाडीचा दरवाजा आतून सडत असेल, तर संशयाची सुई कारखान्याकडे वळायला हवी, निदान आधी तिकडे.

पण सुई दुसरीकडेही वळू शकते, आणि कंपनीचा माणूस ती वळवायलाच बसलेला असतो. त्यामुळे गंज लागतो कसा, हे त्याच्याइतकंच आपल्यालाही ठाऊक असलेलं बरं.

गाडीचा उघडा पत्रा ओला झाला की त्यावर विजेचं एक छोटंसं चक्र सुरू होतं. पत्र्याच्या एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, शेजारच्या जागी पाणी आणि प्राणवायू ते इलेक्ट्रॉन उचलतात, आणि मध्ये तयार होतो तो तांबडा, भुसभुशीत गंज. पाण्यात क्षार असले की वीज सहज वाहते आणि काम झपाट्याने होतं. मूळ लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो वरचा रंग उचलून धरतो. आपल्याला जो फुगवटा दिसतो तो हाच. फुगवटा दिसला याचा अर्थ खालचं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

हे होऊ नये म्हणून कारखान्यात तीन-चार थर चढवतात. चांगल्या गाड्यांत पत्राच जस्ताचा मुलामा दिलेला असतो. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी त्या जागेचं लोखंड काही काळ वाचतं. पोर्शने 1970च्या दशकाच्या मध्यात आणि ऑडीने 1980च्या दशकात अख्ख्या सांगाड्याला जस्त द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती जाहिरातीत मिरवायची गोष्ट होती. पत्र्याचा सांगाडा जोडून झाला की तो फॉस्फेटच्या द्रावणात धुतात आणि मग रंगाच्या भल्यामोठ्या टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात. विजेमुळे रंगाचे कण कानाकोपऱ्यात ओढले जाऊन चिकटतात. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, पण गाडीचं आयुष्य त्याच्यावर. त्यानंतर भट्टी, मग सांध्यांना सीलंट, मग दिसणारे रंग.

चूक होते ती बहुधा टाकीत आणि सांध्यात. दरवाजाच्या आतल्या पोकळीत हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे रंगाचं द्रावण पोचतच नाही. दरवाजाची खालची कड बघा. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो, करंजीची कड दुमडावी तसा. त्या दुमडीत सीलंट नीट भरलं नाही तर पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. कडेला खालून पाणी निघायची बारीक भोकं असतात. ती बंद असतील तर काचेच्या पट्टीतून उतरलेलं पावसाचं पाणी आतच साठतं. अशा दरवाजाला बाहेरून कुठेही ओरखडा नसतो, रंग कारखान्याचाच असतो आणि तरी खालच्या कडेवर ओळीने फोड येतात. कंपनीच्या कलमातलं ‘आतून बाहेर’ म्हणजे हेच. हे चित्र ज्याला ओळखता आलं त्याचं अर्धं काम झालं.

आता दुसरी बाजू. आपल्याकडची गाडी नुसती लग्नाला आणि देवाला जात नाही. खरिपाच्या आधी तिच्या डिकीत खताची पोती असतात, फवारणीचा पंप असतो, कीटकनाशकाचे डबे असतात. पोटॅशचं खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्या जातीचंच रसायन. त्याचा चमचाभर चुरा गालिच्याखाली ओलाव्यात पडून राहिला की कोकणातली हवा आपल्या डिकीत आली म्हणायची. अमोनियाची काही खतंही ओल धरून पत्र्याला खातात. काळी माती चाकांवरच्या कमानीत थापली जाते आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. पुलगावच्या दारूगोळा डेपोमुळे इथे बदलीच्या नोकरीतली माणसं बरीच, आणि त्यांच्या गाड्याही फिरून आलेल्या. चार वर्षं विशाखापट्टणमला काढलेली गाडी इथे येऊन गंजली तर ‘इथे समुद्र नाही’ हा युक्तिवाद कामाचा नाही. बहुतेक पुस्तिकांत खत, रसायन, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, खडीचा मार, अपघात आणि बाहेर केलेली दुरुस्ती ही नावं घेऊन वगळलेली असतात. डिकीचा तळ गंजला असेल आणि गालिच्याखाली पांढरे खडे सापडले तर कंपनीचं म्हणणं बरोबर आहे, उगाच हट्ट धरू नये. दरवाजाची कड, बोनेटची पुढची दुमड, डिकीच्या झाकणाची कड, छताचे सांधे, चाकाच्या कमानीची आतली बाजू या जागी गंज असेल आणि वरचा रंग अखंड असेल, तर पुढे जावं.

इथेच बहुतेक लोक घसरतात. फुगवटा दिसला की माणूस गावातल्या डेंटिंगवाल्याकडे जातो. तो म्हणतो, “काही नाही होत भाऊ, लांबी मारून देतो. पाहून समजन बी नाही कोनाले.” त्याचं काम खरंच सुबक असतं. तो घासतो, लांबी म्हणजे पुट्टी भरतो, प्रायमर मारतो, रंग जुळवतो, आणि दोन पावसाळे गाडी नवीन दिसते. पण आतली दुमड सडतच असते. तिसऱ्या पावसाळ्यात तिथेच भोक पडतं, आणि आता कंपनीकडे गेलं की सर्व्हिस सेंटरचा माणूस खिशातून एक छोटं यंत्र काढून पत्र्यावर टेकवतो. रंगाच्या थराची जाडी मोजणारं हे यंत्र. कारखान्याचा रंग साधारणपणे शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या घरात भरतो. पुन्हा रंगवलेल्या जागी आकडा त्याच्या दुपटीवर जातो आणि लांबी असेल तर कितीतरी वर. आकडा दिसला की विषय संपला, कारण पत्रा आता ‘मूळ’ राहिलेला नाही. डेंटिंगवाल्याला दोष द्यायचं कारण नाही, त्याने सांगितलेलं काम केलं. पण वॉरंटीच्या मुदतीत असलेल्या गाडीच्या गंजाला आधी सॅंडपेपर लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा पुसणं आहे. उलट हेच यंत्र आपल्या कामाचं आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या बऱ्याच जणांकडे ते असतं. गंजलेल्या दरवाजाचा आणि बाकीच्या दरवाजांचा आकडा सारखाच आहे, असा फोटो काढून ठेवला की ‘आधी कुठेतरी ठोकली होती’ हे उत्तर आपोआप बाद होतं.

मग करायचं काय? गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची, आणि तिथे सगळं लक्ष एका कागदावर ठेवायचं, तो म्हणजे जॉब कार्ड. त्यावर ‘ग्राहकाची तक्रार’ असा रकाना असतो. समोरचा सल्लागार सवयीने तिथे ‘बॉडी चेक’ किंवा ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो. त्याचा काही वाईट हेतू असतो असं नाही, पन्नास गाड्यांमध्ये तो तेच लिहीत असतो. पण दोन वर्षांनी ग्राहक आयोगासमोर या दोन शब्दांचा उपयोग शून्य. तिथे लिहून घ्यायचं: ‘डाव्या मागच्या दरवाजाच्या खालच्या कडेला आतून गंज, रंगाला फोड, वॉरंटीखाली तपासणी हवी.’ तारीख, किलोमीटरचा आकडा, सही. तो नाही म्हणाला तर आपण पेनने लिहून सही करायची, आणि तेवढ्यावर भागत नसेल तर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करायचा. गाडी परत देताना ते ‘वॉरंटीत बसत नाही’ असं तोंडी सांगतात. ते कारणासकट लेखी मागायचं. नकार लेखी देण्याची कोणालाच हौस नसते, आणि बरेचदा लेखी मागितल्यावरच वरच्या कार्यालयातून माणूस गाडी पाहायला येतो, असं वॉरंटीचे दावे हाताळणारे लोकच खासगीत सांगतात.

अजून एक अट हमखास आडवी येते. गंजाच्या वॉरंटीत दरवर्षी सांगाड्याची तपासणी करून पुस्तिकेत शिक्का घेण्याची अट बरेचदा असते. इंजिन ऑइल बदलल्याचा शिक्का वेगळा, ही नोंद वेगळी. आपण पहिल्या तीन मोफत सर्व्हिसिंगनंतर गावातल्या मिस्त्रीकडे वळतो, कारण वर्धा तीस-पस्तीस किलोमीटरवर आणि नागपूर शंभरच्या पुढे, आणि पैसेही निम्मे लागतात. ते चूक म्हणता येणार नाही. पण मग वर्षातून एकदा निदान तपासणीपुरतं तरी अधिकृत ठिकाणी जाऊन तो रकाना भरून घ्यायला हवा. आणि डीलर गाडी विकताना जे ‘अँटी-रस्ट कोटिंग’ गळ्यात मारतो त्याचा या वॉरंटीशी संबंध नाही. तो वेगळा माल, वेगळं बिल, वेगळी हमी. घाईघाईत मारलेल्या कोटिंगने दरवाजाची पाणी जायची भोकं बुजली तर ते उलट अंगावर येतं. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुधा यंत्रांची असते, पत्र्याची नाही. विम्यातही गंज आणि झीज वगळलेली असते. हे तिन्ही दरवाजे बंद आहेत हे आधीच माहीत असलं की वेळ वाचतो.

गंजावरून कंपन्यांना नमवल्याची उदाहरणं जगात आहेत, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं इटलीच्या लॅन्सियाचं. तिची बीटा ही गाडी 1972मध्ये आली. चालवायला झकास, पण सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाचा भार पेलणारी चौकट जिथे सांगाड्याला जोडलेली होती तिथेच पत्रा सडायचा. 1980मध्ये इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उचलून धरलं आणि कंपनीला तिथल्या पहिल्या मालिकेतल्या सडक्या गाड्या मालकांकडून परत घ्याव्या लागल्या. नाव गेलं ते गेलंच. 1994मध्ये लॅन्सियाने ब्रिटनमधला गाशा गुंडाळला. कॅनडात 1970च्या दशकात फिल एडमन्स्टन या ग्राहक-कार्यकर्त्याने गंजलेल्या फोर्डच्या मालकांची संघटनाच काढली, आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडणाऱ्या त्या देशात सरकारला गंजाचे किमान निकष ठरवण्याकडे वळावं लागलं. अमेरिकेत टोयोटाच्या पिकअप गाड्यांच्या चेसिस गंजत होत्या. कंपनीने 2008मध्ये जुन्या टकोमा गाड्यांची गंजाची हमी वाढवून पंधरा वर्षांपर्यंत नेली, आणि नंतरच्या गाड्यांवरून झालेल्या सामूहिक दाव्यात 2016मध्ये तडजोड केली. सुमारे 15 लाख गाड्या, आणि कंपनीवरचा संभाव्य बोजा 3.4 अब्ज डॉलरपर्यंत. या तिन्ही ठिकाणी एकटा ग्राहक जिंकलेला नाही. एकाच जागी, एकाच पद्धतीने सडलेल्या अनेक गाड्या पुढे आल्या तेव्हा ‘तुम्हीच नीट ठेवली नाही’ हे उत्तर टिकलं नाही. वर्धा-पुलगाव रस्त्यावर त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या गाड्या असतातच. त्यांच्या दरवाजाच्या कडा वाकून बघायला पैसे पडत नाहीत. समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाने आयोगाच्या परवानगीने तक्रार करायची सोय आपल्या कायद्यातही आहे.

कायद्याकडे येऊ. 1986चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019चा आला आणि 20 जुलै 2020पासून लागू झाला. नाचणगावच्या माणसासाठी त्यातला सगळ्यात मोठा बदल कलम 34मध्ये आहे. पूर्वी कंपनीचं किंवा डीलरचं कार्यालय जिथे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावं लागे. गाडी नागपूरला घेतली तर तारखांना नागपूर. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, तिला वर्ध्याला यावं लागेल. गाडीची किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि इथे किंमत म्हणजे आपण प्रत्यक्ष मोजलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत 200 रुपये, दहा ते वीस लाखांपर्यंत 400. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते. पूर्वीचं ई-दाखिल आता 2025पासून ई-जागृती या पोर्टलवर आलं आहे.

पुलगाव-वर्धा काळीपिवळी चालवणाऱ्यालाही ‘व्यापारी वापर’ म्हणून हाकलता येत नाही, जर तो स्वतः चालवून स्वतःचं पोट भरत असेल. दहा गाड्या ड्रायव्हरवर सोडलेल्या मालकाचं प्रकरण वेगळं.

एका गैरसमजाबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तक्रारींचे मसुदे त्यावर अडकतात. नव्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं प्रकरण आलं, आणि लोक समजतात की गंजलेल्या गाडीसाठी तेच हत्यार. तसं नाही. त्या प्रकरणात ‘हानी’ची जी व्याख्या आहे तिच्यातून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. गंजलेली चेसिस तुटून माणूस जखमी झाला तर ते प्रकरण लागू होतं, दरवाजा सडला तर नाही. दरवाजासाठी आपलं साधं जुनं कलम पुरतं, मालातला दोष. दोषाच्या व्याख्येत करारात कबूल केलेला आणि व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेला दर्जा दोन्ही येतात. म्हणजे वॉरंटी पुस्तिकाही येते आणि शोरूमने हातात दिलेलं रंगीत माहितीपत्रकही. ते फेकू नका. विक्रीच्या वेळी डीलरने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असेल तर तेही जपून ठेवा.

दोन निकाल माहीत असावेत. पहिला 2006चा, सर्वोच्च न्यायालयाचा, मारुती उद्योगविरुद्धच्या एका तक्रारीतला. क्लचच्या दोषाबद्दल खालच्या पातळ्यांवर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. न्यायालय म्हणालं, वॉरंटीत दोषी भाग बदलण्याची हमी आहे, गाडी बदलण्याची नाही. तेव्हापासून ‘नवी गाडी द्या’ ही मागणी सुरुवातीलाच तक्रार कमजोर करते. दरवाजा सडला असेल तर दरवाजा मागा, त्याच्या रंगकामाचा खर्च मागा, शेजारच्या पत्र्यांची तपासणी मागा, आणि हेलपाट्यांची व मनस्तापाची भरपाई वेगळी मागा. मोजकी मागणी मान्य होते. सूड म्हणून केलेली मागणी वरच्या आयोगात जाऊन अडकते.

दुसरा निकाल गोव्याचा, आणि त्यात गंज थेट आहे. एका ग्राहकाने 2011मध्ये डीलरकडून टाटा मोटर्सची गाडी नवी म्हणून घेतली. निघाली ती 2009ची, सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली, खालचा पत्रा गंजलेला आणि दरवाजांच्या कडांवर ओरखडे. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पातळ्यांवर डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरलं गेलं. 18 फेब्रुवारी 2021ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मोकळं केलं. डीलर हा कंपनीचा नोकर किंवा एजंट नाही, तो स्वतःच्या नावावर गाडी विकत घेऊन विकतो, आणि त्याने केलेली फसवणूक कंपनीला माहीत होती असा पुरावा नव्हता, असं कारण दिलं. ग्राहकाला हा निकाल कडू लागतो, पण त्यातून कोणाकडे काय मागायचं हे स्वच्छ कळतं. गाडी हातात येण्याआधीच गंजलेली असेल, यार्डात दोन पावसाळे उभी राहिलेली असेल, तर तो डीलरचा गुन्हा. गाडी चांगली मिळाली आणि पुढे मुदतीत आतून सडली, तर ती कंपनीने स्वतःच्या नावाने दिलेली हमी. तिथे कंपनीला डीलरच्या मागे लपता येत नाही. तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा, पण प्रत्येकाचं पाप वेगवेगळ्या परिच्छेदात लिहा. आणि नवी गाडी घेताना तिच्या सतरा अक्षरांच्या चेसिस नंबरवरून निर्मितीचा महिना काढायला डीलरलाच सांगा, बिलावर लिहून घ्या, आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहा. गोव्याच्या त्या ग्राहकाला नंतर जे न्यायालयात सिद्ध करावं लागलं ते रॅम्पवर दहा मिनिटांत दिसलं असतं.

दोष कारखान्यातला आहे हे सिद्ध कोणी करायचं? आपणच. आयोगाला वाटलं तर तो कायद्यानुसार नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. पत्र्याचा तुकडा कापून तपासला की रंगाच्या खाली विजेने चढवलेला थर होता की नव्हता, जस्त होतं की नव्हतं, गंज कोणत्या बाजूने सुरू झाला, हे धातुशास्त्राच्या माणसाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्याला एआरएआय आहे. पण दरवाजाच्या कडेएवढ्या गोष्टीसाठी दरवेळी प्रयोगशाळा लागत नाही. मूळ रंगाचे जाडीचे आकडे, तारखेचे फोटो, नेमकं लिहिलेलं जॉब कार्ड आणि कंपनीचा लेखी नकार एवढं असलं की दोष कुठून आला याचं उत्तर द्यायचं ओझं व्यवहारात कंपनीकडे सरकतं. फोटो काढताना एक दुरून, नंबर प्लेट दिसेल असा, आणि एक जवळून, पट्टी किंवा रुपयाचं नाणं शेजारी ठेवून. नुसत्या जवळच्या फोटोत ती कोणाची गाडी आहे हेच कळत नाही.

तक्रार दाखल होण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघायला हरकत नाही. ती न्याय देत नाही, पण तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर टाकते, आणि किरकोळ प्रकरणं तिथेच मिटतात. ग्राहक पंचायतीचा कार्यकर्ता ओळखीत असेल तर मसुदा त्याला दाखवावा. 1970च्या दशकात बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीने महाराष्ट्रात अशी कागद वाचणारी माणसं गावोगाव तयार केली आहेत. कंपनीला आणि डीलरला नोटीस पाठवायची असेल तर ती पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने, कारण रजिस्टर्ड पोस्ट 2025मध्ये त्यातच विलीन झालं आहे. नोटिशीत पुस्तिकेतलं कलम जसंच्या तसं उतरवा, त्यावर शिव्या नको.

आयोगाची नोटीस गेल्यावर कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. त्यानंतर तिचं उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020मध्ये पक्कं केलं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तेवढ्यात होत नाही, हे वर्ध्यात काय किंवा कुठेही काय, सगळ्यांना ठाऊक आहे. पण आयोगाचा आदेश पाळला नाही तर तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे. तिचा धाक कंपनीला आपल्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून बरीच प्रकरणं दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला समझोत्यावर येतात. कंपनी दरवाजा बदलून द्यायला तयार झाली तर घ्यावा. मात्र नव्या दरवाजावर किती वर्षांची हमी, ते समझोत्याच्या कागदावर लिहून घ्यावं.

गंज चेसिसला, सस्पेन्शनच्या जोडांना किंवा ब्रेकच्या नळ्यांना असेल तर हा सगळा प्रवास बाजूला ठेवा. तो सुरक्षेचा प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार करता येते. एमएच-32, म्हणजे वर्धा पासिंगच्या चार-पाच जणांनी एकाच मॉडेलबद्दल ती केली तर ती चार-पाच तक्रारी म्हणून मोजली जाते, आणि तिथे मोजणीलाच किंमत आहे.

मुदत विसरू नका. वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे, म्हणून घड्याळ थांबत नाही. या पावसाळ्याआधी गाडी धुताना चारही दरवाजे उघडून खालच्या कडेवर बोट फिरवा, बंद भोकं काडीने मोकळी करा, आणि फुगवटा लागलाच तर डेंटिंगवाल्याकडे जाण्याआधी जॉब कार्ड फाडून घ्या.